पावणेचार

माझी मुलगी सात वर्षांची आहे. ती अमरावतीला तिच्या आईजवळ राहते. मी अकोल्याला असतो, एकटा. महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी अकरा ते दुपारी चार, एवढा वेळ ती माझ्याकडे असते. तीन वर्षांपूर्वी आमचं लग्न मोडलं तेव्हा कोर्टात हे ठरलं. कोणाचं चुकलं, किती चुकलं, हे लिहायला मी बसलेलो नाही. माझं बरंच चुकलं होतं, एवढं सांगतो आणि पुढे जातो.

मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. शेतकरी कापडी पिशव्यांतून माती आणतात. ती सावलीत वाळवायची, कुटायची, चाळायची आणि नंबर टाकून पुढे द्यायची. शनिवारी सुट्टी असते. त्या दोन शनिवारी मी सकाळी साडेसातची एसटी धरतो. मूर्तिजापूर, बडनेरा करत गाडी दहाच्या सुमारास अमरावतीला पोचते. मग तासभर स्टँडवर बसून राहतो, कारण अकराच्या आधी तिच्या फाटकाशी उभं राहिलेलं बरं दिसत नाही.

पाच तास म्हणजे लोकांना थोडे वाटतात. ज्या गावात आपलं घर नाही, तिथे एका लहान मुलीला घेऊन पाच तास काढून पाहावेत. बाग, मग गीला वडा, मग आइस्क्रीमचं दुकान, मग पुन्हा बाग. तिला बाथरूमला जायचं असलं की एखाद्या हॉटेलात शिरायचं आणि नको असलेला चहा मागवायचा. तिला झोप आली तर झाडाखाली मांडीवर घेऊन बसायचं. मी पिशवीत एक चादर, पाण्याची बाटली, पोळीभाजीचा डबा, सापशिडीचा पट आणि तिचा एक जादा फ्रॉक घेऊन फिरतो. पहिल्या वर्षी घेतलेला फ्रॉक तिला आता होत नाही, तो बदलायचं राहून गेलंय.

या जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास, तिच्या आईचा मेसेज आला. आमचं बोलणं मेसेजवरच होतं, तेही कामापुरतं. "ताप होता, आज बाहेरचं देऊ नकोस." "स्वेटर पाठवला आहे." असं. या वेळी मेसेज जरा लांब होता. "शाळेत घड्याळाचा धडा चालू आहे. तिला काट्यांचं घड्याळ येत नाही. बाईंनी वहीत लिहून पाठवलं आहे. मी शिकवायला बसले की रडते. तुला जमलं तर बघ."

तो मेसेज मी कितीदा वाचला असेन. तीन वर्षांत तिनं मला पहिल्यांदा काहीतरी करायला सांगितलं होतं. मला आणायला-सोडायला जमतं, खाऊ द्यायला जमतं, हे तिला माहीत होतं. पण मुलीला काही शिकवणं हे बापाचं काम असतं, आणि ते तिनं माझ्याकडे दिलं होतं. मी लगेच "हो" लिहिलं. मग वाटलं, फारच लगेच लिहिलं.

शुक्रवारी ऑफिसातून येताना मिठाईच्या दुकानातून एक रिकामं खोकं मागून आणलं. त्याच्या झाकणावर ताट उपडं ठेवून गोल काढला, स्केचपेननं आकडे लिहिले, पुठ्ठ्याचे दोन काटे कापले, मोठा लाल आणि लहान निळा. मध्ये टाचणी खोचून मागून तिचं टोक वाकवलं. काटे छान फिरत होते. मी भिंतीला टेकून बसलो आणि समोर ती बसली आहे असं धरून सगळं समजावून सांगितलं. भिंतीला सगळं समजलं.

दुसऱ्या दिवशी बागेत चादर टाकली आणि ते झाकण तिच्या पुढ्यात ठेवलं. तिला ते आवडलं. तिनं काटे गरागरा फिरवले. मी म्हटलं, "आता सांग, किती वाजले?" आणि लहान काटा नऊच्या जरा पुढे, मोठा तीनवर ठेवला.

"तीन," ती म्हणाली.

"नाही. मोठा काटा मिनिटाचा असते. तो तीनवर असला म्हणजे पंधरा मिनिटं."

"पण तिथं तीन लिहिलं हाय ना पप्पा. पंधरा कुठं हाय?"

पंधरा कुठेच नव्हतं. मी म्हटलं, "पाचचा पाढा म्हण." तिनं डोळे मिटून, डोलत, पाच एके पाचपासून पाच दाहे पन्नासपर्यंत म्हटला आणि थांबली. घड्याळाला पुढे अकरा आणि बारा असतात, पण पाढा दहालाच संपतो. "अजून दोन राहिले," मी म्हटलं. "बाईंनी इथपर्यंतच शिकवला," ती म्हणाली.

मी पुन्हा समजावलं. मग पुन्हा. नऊ वाजून पंधरा, सव्वानऊ, दोन्ही एकच, आणि दहा वाजून पंचेचाळीस म्हणजे पावणेअकरा, जरी अजून अकरा वाजलेले नसले तरी. तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. ती मला खूश करायला काहीही आकडे सांगू लागली. पाच? आठ? बारा? मी घाईत होतो. शिकवून झालं पाहिजे, आजच झालं पाहिजे, आणि चार वाजता तिनं आईला जाऊन सांगितलं पाहिजे की पप्पांनी शिकवलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "डोकं कुठं आहे तुझं? लक्ष कुठं आहे?"

फार मोठ्यानं नाही ओरडलो. पण तो आवाज मला ओळखीचा होता. तिच्या आईशी मी याच आवाजात बोलायचो, आणि तेव्हा ही पलंगावर पांघरुणात असायची.

ती रडली नाही. चादरीच्या काठाचं गवत एकेक करून उपटत राहिली. मग म्हणाली, "मले घरी जायचं हाय."

सव्वा वाजला होता. मी चॉकलेट देऊ केलं, झोक्यावर चल म्हटलं. तिनं मान हलवली. दीडला मी तिला सोडायला गेलो. तिची आई कामावर होती, ती एका दवाखान्यात रिसेप्शनला असते. दार मुलीला सांभाळायला येणाऱ्या मावशीनं उघडलं. "इतक्या लवकर?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "पोट दुखते म्हणते." मुलीनं माझ्याकडे वर पाहिलं आणि मग हळूच हात पोटावर ठेवला. मी खोटं बोललो होतो आणि तिनं मला सांभाळून घेतलं होतं. तिथून वळून चालायला लागलो तेव्हा मला माझीच इतकी लाज वाटत होती की रिक्षाही केली नाही, स्टँडपर्यंत पायी गेलो.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. ते झाकण पिशवीत मावत नव्हतं, म्हणून मांडीवर धरून बसलो. मूर्तिजापूरला एक माणूस शेजारी बसला. म्हणाला, "लेकरासाठी केलं का?" मी हो म्हटलं. "कितवीत हाय?" दुसरीत. "मस्त हाय," तो म्हणाला. पुढे अकोल्यापर्यंत मी झोपल्याचं सोंग केलं.

पुढचे दोन आठवडे घरात वाईट गेले. माझ्या दोन खोल्यांत आवाज असा नसतोच. सकाळी कुकरच्या शिट्या, संध्याकाळी टीव्ही, बस. एरवी मला त्याची सवय आहे. पण त्या दिवसांत मी भाजी चिरता चिरता थांबून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचो आणि विचार करायचो की हे मला कसं कळतं? मी काटे वाचतो का? मी तर नुसता बघतो आणि मला कळतं. जे नुसतं बघून कळतं ते दुसऱ्याला कसं सांगायचं?

अकोल्याच्या जुन्या कापड बाजारात, एका जिन्याखाली, घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. काचेची एक पेटी, डोळ्याला भिंग, मागच्या फळीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. ऑफिसातून येताना मी त्यांच्याकडे गेलो. माझ्याकडे टेबलावरचं एक जुनं सेलचं घड्याळ होतं. विचारलं, याचे काटे हातानं सहज फिरतील असं काही करता येईल का?

"काहून?" त्यांनी भिंग न काढताच विचारलं.

मी सांगितलं. मुलगी, दुसरी, घड्याळ येत नाही. ओरडलो, हेही सांगितलं. का कोण जाणे. तिथे दुसरं कोणी नव्हतं म्हणून असेल.

चाचांनी भिंग काढलं. "भाऊ, दोन काटे एकदम काहून दाखवले? त्या लेकराले एक तर समजू द्या आधी." त्यांनी घड्याळ माझ्या हातातून घेतलं, काच उचकली, चिमट्यानं मोठा काटा अलगद वर उचलला आणि कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात ठेवला. "आता फक्त छोटा. हा अकेला बी टाइम सांगते. तीनवर हाय म्हणजे तीन. तीन अन् चारच्या बराबर मधात हाय म्हणजे साडेतीन. चारच्या जवळ गेला म्हणजे चार वाजून राहिले. इतकं तिले आलं की मंग मोठा लावजा. माझ्या तिन्ही नातनींले मी असंच शिकवलं."

"मोठा लावायचा कसा?"

"बारा वाजता. दोन्ही वर. बोटानं दाबायचा, बस. तिलेच लावू द्या."

मी तिथे अर्धा तास बसलो असेन. ते काम करत होते, मधेच एखादं वाक्य बोलत होते. उठताना त्यांनी विचारलं, "मुलगी कुठं असते?" मी अमरावती म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

जानेवारीच्या चौथ्या शनिवारी अमरावतीत अवकाळी पाऊस झाला होता. बाग ओली, बाकं ओली. फाटकातून ती आली तेव्हा माझ्या हाताकडे बघत होती, झाकण आणलंय का ते. मी म्हटलं, "आज काही शिकवत नाही. चल, स्टँडवर बसू. गाड्या पाहू." स्टँडला छप्पर होतं, बाथरूम होतं, आणि तिला गाड्या बघायला आवडतात.

आम्ही बाकावर बसलो. डबा काढताना मी ते घड्याळ सहज बाहेर ठेवल्यासारखं ठेवलं. तिनं पाहिलं. "पप्पा, याचा एक काटा कुठं गेला?"

"काढून ठेवला. एकच राहू दिला."

"मंग हे बंद हाय?"

"नाही, चालू हाय. कान लाव."

तिनं कान लावला. टिकटिक ऐकू आली तसं तिच्या डोळ्यांत जरा कुतूहल आलं. काटा बाराच्या थोडा पुढे होता. पोळी खाऊन झाली, दोन गाड्या गेल्या. मग ती आपणच म्हणाली, "आता हा बारा अन् एकच्या मधात आला."

"बरोबर मधात?"

तिनं डोळा बारीक करून पाहिलं. "बरोबर मधात."

"मंग साडेबारा वाजले."

तेवढ्यात भोंग्यातून एका बाईचा आवाज आला की साडेबारा वाजता सुटणारी परतवाडा गाडी फलाटावर लागली आहे. तिनं एकदा भोंग्याकडे पाहिलं आणि एकदा घड्याळाकडे. तिला वाटलं, हे घड्याळ त्या बाईला सांगतंय. मग आम्ही तसंच खेळत बसलो. काटा बघायचा, ती वेळ सांगायची, आणि फलकावर बघायचं की आता कोणती गाडी. दर्यापूर, मोर्शी, चांदूर बाजार. शेजारी वलगावची एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. तिनं बराच वेळ आमचं ऐकून शेवटी विचारलं, "पोरी, तुया घड्याळाचा काटा पडला का वं?"

"पडला नाही," माझी मुलगी तिला समजावून म्हणाली. "काढला. आधी एकच शिकायचा असते."

काटा एक आणि दोनच्या मध्ये आला तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "साडेएक!"

"दीड म्हणतात."

"काहून? साडेबारा, साडेतीन, साडेचार. मंग साडेएक काहून नाही?"

मी म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी म्हणाली, "आमच्या वक्तापासून दीडच हाय, पोरी." तेवढ्यानं तिचं समाधान झालं. अडीचच्या वेळी मात्र तिनं आधीच विचारून घेतलं, याला काही वेगळं म्हणतात का.

त्या दिवशी चार वाजले ते मला कळलेच नाहीत. तिला सोडून मी अकोल्याच्या गाडीत बसलो तेव्हा तोच स्टँड, तेच बाक, आणि बाकावर दुसरंच कोणी बसलेलं. गाडी सुटेपर्यंत मी तिकडे पाहत राहिलो.

पुढच्या वेळी मोठा काटा तिनंच लावला. जीभ दातात धरून, अंगठ्यानं दाबून. मिनिटांच्या आधी मी तिला फेरा शिकवला. डब्यातली पोळी घेतली, चतकोर तोडली. काटा चतकोर फिरला की सव्वा. अर्धी पोळी, अर्धा फेरा, साडे. पाऊण फिरला, चतकोर उरली, तर पावणे. "पावणेचार म्हणजे चारला चतकोर कमी," मी म्हटलं. तिनं उरलेली चतकोर तोंडात टाकली आणि म्हणाली, "आता चार वाजले." पाचचा पाढा आम्ही बारापर्यंत वाढवला. पाच अकरे पंचावन्न, पाच बारे साठ. पाढ्याच्या या शेवटच्या दोन ओळी वर्गात फक्त तिलाच येतात, असं तिनं पुढच्या खेपेला सांगितलं.

मार्चमध्ये शाळेत तोंडी परीक्षा झाली. तिच्या आईचा मेसेज आला, "घड्याळात सगळं बरोबर आलं. बाईंनी शाबासकी दिली." खाली थोड्या वेळानं आणखी एक ओळ आली, "छान शिकवलंस." मी तेव्हा प्रयोगशाळेत माती चाळत होतो. हात पुसून बाहेर व्हरांड्यात आलो, कोणाला तरी सांगावं म्हणून. व्हरांड्यात दोन शेतकरी आपल्या नंबरची वाट बघत बसले होते. मी त्यांना पाण्याचा माठ कुठे आहे ते दाखवलं आणि आत गेलो.

त्या आनंदात मी तिला मनगटी घड्याळ घेतलं. जांभळा पट्टा, पांढरी तबकडी, काट्यांचं. ती दर पाच मिनिटांनी मला वेळ सांगू लागली. आइस्क्रीमवाल्याला सांगितली, रिक्षावाल्याला सांगितली.

आणि मग पुढच्याच खेपेला ते सुरू झालं. मार्चमधलाच शनिवार असेल, पण ऊन चांगलं तापलं होतं. आम्ही झाडाखाली चादरीवर होतो. ती मनगटाकडे बघून म्हणाली, "पप्पा, पावणेचार." आणि उठून बूट घालू लागली.

"अजून टाइम आहे ना," मी म्हटलं.

"पंधराच मिनिटं हाय."

इथे एक कबूल करायला हवं. तिला घड्याळ येत नव्हतं तेव्हा मी तिला फसवत असे. "अजून लय टाइम आहे," असं म्हणत म्हणत चारला पाच कमी असेपर्यंत तिला खेळवायचं आणि मग धावतपळत न्यायचं. तिच्यासाठी चार वाजणं म्हणजे मी एकदम उठून चादर झटकणं, एवढंच होतं. आता तसं चालणार नव्हतं.

दुसऱ्या खेपेलाही तसंच. त्यानंतरच्या खेपेला आम्ही सापशिडी खेळत होतो. तिची सोंगटी ब्याण्णववर होती आणि माझी तिसात. ती जिंकत होती. तिनं घड्याळ पाहिलं, फासा माझ्या हातात ठेवला आणि बुटाचे पट्टे लावायला घेतले. लहान मूल जिंकत असलेला डाव सोडून उठत नाही. मला वाटलं, हिला माझा कंटाळा आला. ऊन, चादर, तीच बाग, तोच बाप. तिथे घरात थंड हवा असेल, मैत्रिणी असतील. मी पट गुंडाळत विचारलं, आणि आवाजात थोडा कडवटपणा आलाच, "तुले इतकी घाई काहून असते वं आईकडे जायची?"

तिनं दुसरा पट्टा लावला. रिक्षात बसलो. अर्धं अंतर गेल्यावर ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "तुमी उशिरा सोडलं ना, की मंग तुमी येत नाही."

"मी कवा नाही आलो?"

"तवा. तलावावर गेलो होतो तवा. मंग दिवाळी झाली तरी नाही आले."

मला आठवायला वेळ लागला नाही. मागच्या ऑक्टोबरात मी तिला तलावावर नेलं होतं. परत येताना रिक्षा मिळेना, फोन बंद पडलेला. पोचलो तेव्हा पाच वाजले होते. तिची आई फाटकात उभी होती, घाबरलेली. मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी रस्त्यात उभं राहून ओरडलो, "पोरगी पळवून नेली नाही मी!" शेजारी गॅलरीत आले. नंतर वकिलाची चिठ्ठी आली, आणि तीन भेटी बंद राहिल्या. त्यात दिवाळी गेली. पुन्हा भेटलो तेव्हा मी मुलीला सांगितलं की ऑफिसात काम होतं. तिनं "हो" म्हटलं होतं. मला वाटलं होतं, ती विसरली.

"तवा मले घड्याळ येत नव्हतं ना," ती म्हणाली. "आता येते."

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. मी तिचा हात धरला. म्हटलं, "ते तुझ्यामुळं नव्हतं, बेटा. मोठ्यांचं होतं. माझं चुकलं होतं." ती म्हणाली, "पण आता नाही होणार." आणि मनगट वर करून मला दाखवलं. चारला पाच कमी होते.

फाटकाशी मावशी उभी होती. मी मुलीला आत सोडलं आणि कोपऱ्यावर येऊन बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. साडेचारची गाडी मी जाऊ दिली.

पुढच्या गाडीत बसल्यावर तिच्या आईला मेसेज लिहायला घेतला. आधी फार लांब लिहिला, त्यात माझी बाजू, तिची बाजू सगळं आलं. बडनेऱ्याला तो पुसला. मूर्तिजापूरला पुन्हा लिहिला आणि पाठवला. "ती पावणेचारलाच बूट घालते. उशीर झाला तर भेट बंद होईल याची तिला भीती आहे. ऑक्टोबरमधलं तिच्या लक्षात आहे. त्या दिवशी मी ओरडलो, माझं चुकलं. आपण दोघांनी मिळून तिला सांगू का?"

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. "मला हे माहीत नव्हतं." मग, "हो. सांगू."

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिची आई स्वतः खाली आली. तीन वर्षांत आम्ही इतक्या जवळ उभे राहिलो नव्हतो. ती थकलेली दिसत होती, केसांत कानाजवळ पांढरं दिसत होतं. तिनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "थोडा उशीर झाला तर चालतो बरं का. पप्पा मला फोन करतील. कोणी रागावणार नाही." मीही म्हटलं, "अन् मी येणारच. उशीर झाला तरी येणार." मुलीनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि मान डोलावली. तिची आई मला म्हणाली, "उन्हाचं चारला आणू नकोस. पाचपर्यंत चालेल." मी "बरं" म्हटलं. ती वर गेली.

त्या दिवशी आम्हाला पाचपर्यंत वेळ होता. तरी पावणेचार वाजता तिचा हात बुटांकडे गेला. तिनं बूट घातले आणि पाच वाजेपर्यंत बूट घालूनच चादरीवर खेळत राहिली. अजूनही तसंच करते. मी तिला थांबवत नाही.

चौथ्या शनिवारी ती शाळेतून मिळालेली छोटी दिनदर्शिका घेऊन आली. सुट्टीत तिला वार आणि तारखा लिहायचा गृहपाठ होता. बोट ठेवून ती शनिवार मोजत होती. "पप्पा, या महिन्यात पाच शनिवार हायेत."

"हो."

"मंग पाचव्याले?"

"पाचवा आपला नाही, बेटा."

तिनं पान उलटून पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार शोधला आणि बोटानं दिवस मोजत गेली. "एकवीस दिवस," ती म्हणाली. मला ते तीन वर्षांपासून माहीत होतं. वर्षातून चार-पाचदा असा महिना येतो. तिला ते कळू नये असं मला वाटत होतं. तिनं पेन्सिलनं त्या पाचव्या शनिवारभोवती गोल केला, मग खोडरबरानं पुसला, आणि आम्ही रस प्यायला गेलो.

त्या पाचव्या शनिवारी मी नेहमीसारखा पहाटेच उठलो. जायचं कुठेच नव्हतं. कूलरमधलं जुनं गवत काढलं, नवं भरलं, टाकी घासली, पाणी भरलं. धूळ झटकायला बाहेर आलो तर शेजारच्या काकू तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी विचारलं, "आज गेले नाही का अमरावतीले?"

"आज पाचवा शनिवार हाय, काकू."

त्यांना काही समजलं नाही. "असं का," म्हणाल्या आणि तांब्या घेऊन आत गेल्या. मी हात धुतले, कूलर सुरू केला. ओल्या गवताचा वास खोलीभर पसरला. दार लावून घेतलं आणि एक वाटी तांदूळ निवडायला बसलो.